जुन्या सरायांच्या इमारतींचं पुढे काय होत गेलं?

प्रवासी यायचे थांबल्यावर जुन्या सराया ओस पडल्या की दुसऱ्या कामी आल्या, असं तुम्ही विचारलंय. पुष्कळशा पडल्या. ज्या टिकल्या, त्या बहुतेक कुणीतरी त्यांत राहत होतं किंवा धंदा करत होतं म्हणून. वारसा म्हणून जपणूक फार उशिरा सुरू झाली.

माझं आवडतं उदाहरण म्हणजे स्पेनमधल्या ग्रानादाची ‘कोराल देल कार्बोन’. चौदाव्या शतकात, ग्रानादावर राज्य करणाऱ्या मुस्लिम नास्रिद सुलतानांच्या काळात, ती व्यापाऱ्यांसाठी बांधली. दर्शनी बाजूला नालाच्या आकाराची भव्य कमान, आत मोकळं अंगण, मधोमध पाण्याचं दगडी कुंड आणि चारी बाजूंना तीन मजल्यांचे सज्जे. खाली जनावरं आणि माल, वर मुक्कामाच्या खोल्या.

१४९२ मध्ये शहर ख्रिस्ती राजांच्या हाती गेलं. पुढे तिथे कोळसेवाले उतरू लागले, आजचं नाव त्यांच्यामुळेच पडलं. सोळाव्या शतकात याच अंगणात नाटकं व्हायची. खाली रंगमंच, सज्ज्यांत प्रेक्षक. नाटकघराला आणखी काय लागतं? नंतर तर खोलीखोलीत बिऱ्हाडं आली आणि सरायीची चाळच झाली. या काळाला अनेक जण इमारतीची दुर्दशा म्हणतात. मला ते पटत नाही. राहत्या घराचं छप्पर गळायला लागलं की माणसं काहीतरी डागडुजी करतातच. रिकाम्या वाड्याकडे कुणी फिरकत नाही. १९१८ साली ती राष्ट्रीय स्मारक ठरली, तोरेस बाल्बास या वास्तुविशारदाने तिची दुरुस्ती केली, आणि आता अंगणात संगीताचे कार्यक्रम होतात.

लंडनच्या सदर्क भागातली ‘जॉर्ज इन’ इतकी नशीबवान नव्हती. १६७६ च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली गेली. घोडागाड्यांच्या काळात तिची भरभराट होती. रेल्वे आली आणि तो धंदाच संपला. मग रेल्वे कंपनीने तिथे मालाचं गोदाम केलं आणि १८८९ मध्ये दोन बाजू पाडून टाकल्या. सज्ज्यांची एकच बाजू उरली, ती १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तिथे आजही पब चालतो, पण अंगणाला तिन्ही बाजूंनी असलेला वेढा गेला तो गेलाच. याची मला खरोखर हळहळ वाटते.

काही ठिकाणी मूळ धंदा फारसा सुटलाच नाही. तुर्कस्तानात बुर्सा इथल्या १४९१ च्या ‘कोझा हान’मध्ये रेशमाच्या कोशांचा बाजार भरायचा, आता तिथे रेशमी कापडाची दुकानं आहेत. इराणमधल्या इस्फहानची, सफवी राजघराण्याच्या काळातली एक सराय विसाव्या शतकात दुरुस्त होऊन पुन्हा मुक्कामालाच लागली. तेच आजचं अब्बासी हॉटेल.

अशी इमारत बघायला मिळाली तर आधी तळमजला बघा. बुजवलेल्या कमानी, मागाहून घातलेल्या भिंती, दोन खोल्यांमध्ये फोडलेली दारं यांवरून कुठला वापर कुठल्यानंतर आला हे बरंचसं कळतं. वरचे मजले बहुधा रंगरंगोटीत हरवलेले असतात.