सायकलच्या हेल्मेटला पुढचा छज्जा हवा का? आधी घर कोणत्या दिशेला ते सांगा

तुमचा प्रश्न असा: नागपुरात घर वाडीला, ऑफिस सिव्हिल लाइन्सला, सकाळी साडेआठला निघता, संध्याकाळी सहाला परत निघता. सायकल हायब्रिड, म्हणजे ताठ बसून चालवायची, डोळ्यांना चष्मा. दुकानात एकाच मापाची दोन हेल्मेटं पसंत पडली. एकाला पुढे व्हायझर आहे, दुसऱ्याला नाही, आणि फरक ३०० रुपयांचा. हा छज्जा कामाचा आहे की नुसता दिखावा?

तुम्ही घ्या. पण तुम्ही पूर्वेकडच्या नंदनवनला राहत असता तर मीच म्हटलं असतं, ३०० रुपये वाचवा आणि तर्री-पोहे खा.

हे गंमत म्हणून म्हणत नाही. मी स्वतः नंदनवनला राहत होतो आणि नोकरी हिंगणा एमआयडीसीत होती. सकाळी पश्चिमेकडे जायचं, संध्याकाळी पूर्वेकडे यायचं. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. माझ्या पहिल्या हेल्मेटला व्हायझर होता, तो मी आठवडाभरात काढून माळ्यावर टाकला. वर पाहिलं की नजरेच्या कडेला काहीतरी काळं लोंबतंय असं वाटायचं. पुढची चार-पाच वर्षं जो विचारेल त्याला मी छातीठोकपणे सांगत होतो की ही फॅशन आहे.

मग २०१९ मध्ये आम्ही तुमच्या वाडीजवळच दत्तवाडीला राहायला आलो आणि माझी नोकरी गांधीबागेत लागली. अमरावती रोड वाडीपासून शहरात जवळजवळ सरळ पूर्वेला येतो. मार्चचा तिसरा आठवडा होता, म्हणजे सूर्य बरोबर पूर्वेला उगवायचे दिवस. भरतनगरच्या पुढे आलो, सिग्नल लाल आहे की हिरवा हे दिसेना, डोळे मिचकावत तसाच पुढे गेलो आणि थांबलेल्या ऑटोच्या पाठीला चाक टेकवलं. लागलं कोणालाच नाही. ऑटोवाला उतरून म्हणाला, "भाऊ, दिसते नं तुमाले?" मी सूर्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "तो तं रोजच निघते."

त्याच रविवारी माळ्यावरून व्हायझर काढला. तर त्याची एक खुंटी तुटलेली. घरात पंक्चरचं सोल्युशन होतं, म्हटलं त्यानेच चिकटवू. हेल्मेटच्या भोकात चांगलं बोटभर सोल्युशन भरलं आणि वाळायला ठेवून जेवायला बसलो. जेवण करून येतो तो भोकाच्या जागी लिंबाएवढा खड्डा. आतलं थर्माकोल सोल्युशनने खाल्लं होतं. हेल्मेटचं सगळं काम तो थर्माकोलच करतो, वरचं प्लास्टिक म्हणजे नुसतं कवच. त्यामुळे ते हेल्मेट गेलं. तुम्ही असलं काही करू नका. पेट्रोल, थिनर, सोल्युशन, ऑइल पेंट, काहीही थर्माकोलला लागू देऊ नका.

नवीन हेल्मेट आणल्यावर मात्र मी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजमाप केलं. हेल्मेट डोक्यावर नीट सपाट बसवलं, तर छज्जाचं टोक डोळ्याच्या साधारण ९ सेंमी पुढे आणि ४ सेंमी वर येतं. त्याचा कोन निघतो २४ अंशांच्या आसपास. म्हणजे सूर्य क्षितिजापासून २४ अंश वर गेला की मान सरळ ठेवूनही डोळ्यांवर सावली राहते, त्याच्या खाली असेल तर मान वाकवावी लागते. हात पुढे ताठ करून मूठ धरली की एक मूठ साधारण १० अंश. अडीच मुठी वर सूर्य, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आता हे तुमच्या वेळेला लावून पाहा. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि तासाला साधारण १४ अंश चढतो. आठ वाजेपर्यंत तो अडीच मुठी वर येतो. तुम्ही साडेआठला निघता, म्हणजे सूर्य ३० अंशांवर, बरोबर छज्जाच्या आवाक्यात. तुमच्या जागी सकाळी साडेसहाला रिंग रोडवर फिरायला निघणारा कोणी असता तर त्याला छज्जाचा काडीचा उपयोग नव्हता. तेव्हा सूर्य समोरच्या गाडीच्या काचेएवढाच वर असतो. आणि दहा-साडेदहानंतर सूर्य इतका वर जातो की भुवयाच पुरतात.

डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडे सरकतो. साडेआठला तो दोनच मुठी वर असतो, पण तुमच्या उजव्या हाताला. समोरून येत नाही म्हणून सुसह्य, आणि बाजूने येणाऱ्या उन्हाला छज्जा अडवतही नाही.

संध्याकाळचं मात्र स्वप्न पाहू नका. सहाला निघाल्यावर मे महिन्यातही सूर्य एकाच मुठीएवढा वर उरतो, मार्चमध्ये तर त्याहून खाली. थंडीत साडेपाचलाच मावळतो, तो प्रश्नच नाही. उन्हाळ्यात परत येताना मान खाली घालून छज्जाने सूर्य झाकता येतो, मी तसंच करतो. पण चष्मेवाल्यांची इथे एक अडचण आहे. मान वाकवली की आपण चष्म्याच्या फ्रेमवरून पाहू लागतो आणि नंबर जास्त असेल तर समोरचा रस्ता धूसर होतो. माझा उणे तीन आहे, मला दर वेळी नाकावरचा चष्मा बोटाने वर सारावा लागतो. यावर उपाय म्हणजे उन्हात काळ्या होणाऱ्या काचा. छज्जा आणि त्या काचा, दोन्ही मिळून काम होतं.

तसंही नुसत्या छज्जाने डोळे निवत नाहीत, कारण आपल्याकडे ऊन खालूनही येतं. शहरातले बहुतेक मोठे रस्ते आता सिमेंटचे झालेत. डांबर ऊन पितं, सिमेंट ते परत तोंडावर फेकतं. खालून येणाऱ्या या चकाकीला छज्जा काय करणार? तिथे गॉगल नाहीतर काळ्या काचाच लागतात.

आणि एक गोष्ट मला त्या ऑटोवाल्या प्रकारानंतर बऱ्याच दिवसांनी सुचली. सूर्य तुमच्या डोळ्यांत आहे म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत आहे. तुम्ही छज्जा लावलात, तुम्हाला दिसलं. त्याला तुम्ही दिसलात का? त्याच्यासाठी तुम्ही उजेडातला एक काळा ठिपका. म्हणून मी सकाळी पूर्वेकडे जाताना, भर उजेडात, मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवतो. ऑफिसातले हसतात, "दिवसाढवळ्या काय दिवाळी!" हसू द्या. ३०० रुपये छज्जावर घालणार असाल तर तेवढेच त्या दिव्यावरही घाला. एकच घ्यायचं असेल तर दिवा आधी.

पावसाचं सांगतो. चष्मेवाल्यांना छज्जा खरा पटतो तो जुलैत. रिमझिम असेल तर काचांवर थेंब जवळजवळ पडतच नाहीत, सायकल आडवी ढकलणारा जोराचा पाऊस असेल तर अर्थातच सगळं ओलं. पण रोज काचा पुसायला थांबावं लागत नाही, हेच पुष्कळ.

आता तक्रारी. रेसर सायकलवाले छज्जा लावत नाहीत ते उगाच नाही. त्यांचं हँडल खाली, पाठ आडवी, मान आधीच वर उचललेली. त्यात छज्जा आला तर समोरचा रस्ताच झाकतो आणि मान आणखी वर ताणावी लागते. शिवाय वेग वाढला की वारा छज्जाखाली शिरून हेल्मेट मागे ढकलतो. हायब्रिडवर तुम्ही ताठ बसता, वेग वीस-बावीसचा, त्यामुळे हे तुम्हाला जाणवणार नाही. फार तर बाजूने ट्रक भरधाव गेला की एक हिसका बसेल. रेसरवाल्यांची जुनी सोय म्हणजे हेल्मेटखाली घालायची पातळ सुती टोपी, पुढे दोन बोटांची चोच असलेली. २००३ मध्ये मोठ्या शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं, त्याआधी बरेच जण नुसत्या या टोपीवरच पळायचे. चोच हवी तेव्हा खाली, नको तेव्हा वर. घाम टिपते, रोज धुता येते. तुम्हाला बिनछज्जाचं हेल्मेटच जास्त बसत असेल तर ही टोपी घ्या, काम तेच. फक्त डोक्यावर मधोमध बटण असलेली टोपी घेऊ नका, ते हेल्मेटखाली रुततं. आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेर सुरू होणाऱ्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आपण जसा जाड दुपट्टा गुंडाळतो तसा गुंडाळून वर हेल्मेट चढवू नका. हेल्मेट कपाळाच्या वरच तरंगत राहतं. दुपट्टा मानेला ठेवा, ओला असेल तर उत्तम.

सगळ्यात मोठी खोट मी रोज रस्त्यावर पाहतो. छज्जा डोळ्यांवर येतो म्हणून लोक आख्खं हेल्मेट मागे सारतात. टोपी मागे सरकवावी तसं. मग कपाळ उघडं. पडताना माणूस पुढेच पडतो, आणि तिथे नेमकं काही नाही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळाला आडवं, असंच बसलं पाहिजे. त्या अवस्थेत छज्जा खुपत असेल तर छज्जा वर करा, तो वर होत नसेल तर काढून टाका. हेल्मेट हलवायचं नाही.

आणि तो काढता आलाच पाहिजे, याचं दुसरं कारण पडणं. तोंडावर पडलात तर छज्जा जमिनीला आधी टेकतो. तो स्क्रूने पक्का आवळलेला, जाड, कडक असेल तर पहारीने दगड उलटवावा तसा हेल्मेटला मागे उलटवू शकतो, मानेला झटका तो वेगळा. तो पटकन निखळणारा हवा. मी एकदा सेमिनरी हिल्सच्या उतारावर खडीत घसरलो. गुडघा सोलला, हाताला लागलं, आणि छज्जा टक्कन उडून दोन हात लांब गवतात. हेल्मेट जागेवर होतं. गवतात शोधला, खुंट्या दाबल्या, परत बसला. तोच अजून वापरतोय.

दुकानदार तुम्हाला मोटरसायकलच्या हेल्मेटसारखी पुढे काच असलेलं सायकल हेल्मेटही दाखवेल, त्यालाही व्हायझरच म्हणतात. किडे आणि धूळ अडते हे खरं. पण आपल्या उन्हाळ्यात आतून घामाची वाफ धरते आणि चष्म्यावर दुसरी काच चढते. मी एकदा मित्राचं घालून पाहिलं, शंकरनगरपर्यंतही टिकलो नाही. आयएसआयचा शिक्का शोधत बसू नका, हेल्मेटवर दिसणारा आयएस ४१५१ हा नंबर मोटरसायकलचा आहे. सायकलच्या हेल्मेटवर आत युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससीचं लेबल पाहा. यांतलं कोणतंही मानक छज्जा मागत नाही, त्यामुळे बिनछज्जाचं हेल्मेट कमी सुरक्षित आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

दुकानात जाताना सायकलवरच जा. हेल्मेट चढवा, पट्टा बांधा, आपल्या सायकलवर बसा, हात हँडलवर. तसंच बसून समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याची खिडकी मान न उचलता दिसते का पाहा. सिग्नल साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. मग अंगठ्याने छज्जाला खालून वर दाबा. दुकानदार म्हणेल, "अहो, तुटेल ना!" निखळला आणि परत बसला तर घ्या. हाललाच नाही, तर बिनछज्जाचं घ्या आणि टोपी शोधा.