वीरगळांच्या शोधाची सुरुवात

लांबच्या किल्ल्यापेक्षा आपल्याच गावातील जुन्या महादेव मंदिराच्या आवारातून आरंभ करावा, कारण वीरगळ (लढताना मरण आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेले कोरीव दगड) बहुधा तिथेच, पारापाशी किंवा भिंतीला टेकवून ठेवलेले आढळतात. वीरगळ खालून वर पाहत जावा: तळाशी युद्धाचा प्रसंग, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य.

नवशिक्यांकडून दोन चुका हमखास होतात:

- अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ फासणे. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे.
- दगड हलवणे. त्याची जागा हाही पुरावाच असतो.

शिलालेख वाचण्याची घाई इतक्यात नको; गावकऱ्यांनी सांगितलेली कथा (ती बहुतेकदा पांडवांपर्यंत पोचते) मात्र तारखेसह वेगळी नोंदवून ठेवावी.