बायपासनंतर वाढलेला सीआरपी

प्रश्न : माझ्या वडिलांची (वय 64) बायपास शस्त्रक्रिया होऊन पाच दिवस झाले आहेत. त्यांचा सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला आहे आणि ज्या पायातून शीर काढली त्या पायावर सूज आहे. दाह लवकर ओसरावा म्हणून स्टेरॉइड किंवा घरात असलेली वेदनाशामक गोळी द्यावी का?

उत्तर : दोन्ही देऊ नयेत. छाती उघडताना होणारी इजा, शस्त्रक्रियेवेळी हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांशी रक्ताचा येणारा संपर्क आणि थांबवलेल्या हृदयात पुन्हा सुरू होणारा रक्तपुरवठा यांमुळे शरीराची संरक्षणयंत्रणा खवळते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी बराच चढलेला असतोच. एकट्या आकड्याला घाबरू नका, तो कोणत्या दिशेने चालला आहे ते पाहा. हळूहळू उतरत असेल तर ठीक. उतरता उतरता पुन्हा चढू लागला, तर संसर्ग शोधावा लागतो.

हा दाह सरसकट दाबून टाकल्यास रुग्णाचे भले होईल, असे डॉक्टरांनाही पूर्वी वाटत असे. परंतु 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, 7507 रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या वेळी मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देऊनही मृत्यूचे प्रमाण घटले नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी बायपासनंतर हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो, शिवाय मूत्रपिंडांवर ताण येतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲस्पिरिन मात्र मुळीच बंद करू नये, कारण नव्याने जोडलेल्या रक्तवाहिन्या खुल्या राहण्यासाठी ती आवश्यक असते.

वेदना दबल्याखेरीज रुग्ण खोल श्वास घेत नाही, आणि मग फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून ठरवून दिलेले पॅरासिटामॉल वेळेवर द्यावे, छातीशी उशी घट्ट धरून खोकायला सांगावे आणि जागेपणी दर तासाला स्पायरोमीटरचा (खोल श्वास घेण्याच्या उपकरणाचा) व्यायाम करून घ्यावा. माझ्या मते कुटुंबीयांच्या हातातला सर्वांत मोलाचा उपचार हाच आहे. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. बसताना पाय उंच ठेवावा, मात्र पोटरी दुखू लागली तर लगेच दाखवावे.

छातीत अचानक धडधड, जखमेतून पाणी किंवा पू, खोकताना छातीचे हाड हलल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना कळवावे. काही आठवड्यांनीसुद्धा ताप येऊन आडवे पडल्यावर वाढणारे आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारे छातीचे दुखणे सुरू झाले, तर हृदयाच्या आवरणाला सूज आली आहे का, हे इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) तपासतात. अशा वेळी कोल्चिसिन हे दाह कमी करणारे औषध उपयोगी पडते, परंतु मूत्रपिंडांचे कार्य पाहूनच त्याची मात्रा ठरते.