बिलात पैसे घालताय? आधी हे बघा

म्हणजे कारखान्याने विकलेल्या मालाचं थकीत बिल घेऊन त्याला आधी पैसे द्यायचे आणि मुदतीला व्याजासह परत मिळवायचे. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या कारखान्याचं बिल आहे म्हणून भुलू नका. पैसे देणार माल घेणारी कंपनी. पत तिची बघा. तिने बिल लेखी स्वीकारलंय का? नसेल तर सोडून द्या. माल नापास झाला की ती डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याची चिठ्ठी) काढून रक्कम कापते. मग माल विकणाऱ्याकडून वसुलीचा हक्क करारात असेल तरच काही हाती लागतं.

वर्षाला १२ टक्क्यांनी लाखाला ६० दिवसांचे १,९७३ रुपये. तेवढेच ९० दिवसांनी आले, उशिराचं व्याज नसलं, की दर उरला ८ टक्के! हे कलम आधी वाचा.

साइटकडे रिझर्व्ह बँकेचा पीटूपी (लोकांनी लोकांना थेट कर्ज देण्याच्या साइटचा) परवाना आहे का ते तपासा. बिलं विकणाऱ्या बऱ्याच साइट्सकडे तो नसतोच. परवाना असला तरी बुडालेलं मुद्दल तुमचंच. पीटूपीवर तुम्ही एका कर्जदाराला कमाल ५०,००० रुपयेच देऊ शकता.