घोड्याच्या अल्सरसाठी माणसांची ओमेप्राझोल कॅप्सूल फोडून, कुटून दिली तर चालेल का? घोड्यांसाठी मिळणारी ओमेप्राझोलची पेस्टच कशाला?

कुटून नको. ओमेप्राझोलची गंमत अशी की आम्ल थांबवणारं हे औषध स्वतःच आम्लात टिकत नाही. ते आतड्यात शोषलं जाऊन रक्तातून जठराच्या पेशींपर्यंत पोचायला हवं. वाटेतच जठरात विरघळलं तर फुकट गेलं.

कॅप्सूल उघडून बघा, आत खसखशीपेक्षा थोडे मोठे पांढरट दाणे दिसतील. प्रत्येक दाण्यावर आम्लात न विरघळणारं आवरण असतं. खलबत्त्यात घातलेत की ते आवरण गेलं. घोड्याचं जठर तर, खाल्लं असो वा नसो, चोवीस तास आम्ल सोडतं. घोड्यांच्या बऱ्याच पेस्टमध्ये आवरणाऐवजी आम्ल मारणारे क्षार मिसळून हेच काम साधतात. दाणे अख्खे राहिले तरी घोडा ते चावणार नाही याची हमी कोण देणार?

पाण्यात कालवून बाटलीत भरून ठेवलेलं द्रावण मला सगळ्यात संशयास्पद वाटतं. त्यात बफर, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, नीट नसेल तर त्याची ताकद दिवसागणिक उतरते आणि रंग गडद होत जातो.

उपचाराचा नेहमीचा डोस दर किलोला ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला १८०० मिलिग्रॅम, २० मिलिग्रॅमच्या तब्बल ९० कॅप्सूल! पेस्ट पहाटे, रिकाम्या पोटी द्या आणि चारा अर्ध्या-एक तासाने टाका. भरल्या पोटी शोषण बरंच घटतं. डोस मात्र तुमच्या पशुवैद्यांकडूनच ठरवून घ्या.