उत्तर (एप्रिल २०२१): डिमेन्शियाचे बाबा, कोविड वॉर्ड आणि हात बांधायची संमती

तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप उडाली. बाबा ७९ वर्षांचे, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, कोविड, ऑक्सिजन ९१ वर आलाय, बेड मिळतोय पण आत कुणी थांबायचं नाही आणि दाखल करतानाच 'गरज पडल्यास हात बांधू' या कागदावर सही हवी. तुम्ही विचारताय सही करू का, आणि डिमेन्शियाचं खरं सांगितलं तर बेड हातचा जाईल का. दुसरा प्रश्न आधी घेते, कारण मी माती खाल्ली ती तिथेच.

मी डॉक्टर नाही, वकील नाही, माझं सगळं एका आईवरून आलेलं शहाणपण आहे, तेवढं धरून वाचा. ऑक्सिमीटर, पालथं झोपवणं वगैरे सांगत बसत नाही, वर्षभरात सगळेच अर्धे डॉक्टर झालोत. ९१ आहे तर ॲडमिट करा, त्यात चर्चा नको.

२०२० च्या सप्टेंबरात पुण्यात बेड म्हणजे लॉटरी होती. आईला अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, होऊन सहा वर्षं झालेली. ताप नाही, खोकला नाही, फक्त दोन दिवस जेवली नाही आणि दिवसभर झोपून राहिली, म्हणून टेस्ट केली तर पॉझिटिव्ह. (या लोकांमध्ये असंच दिसतं बरेचदा, अचानक वाढलेला गोंधळ हेच लक्षण.) हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या मुलानं विचारलं, बीपी, शुगर, आणखी काही? मी म्हटलं बीपी आहे, आणि थोडं विसरते. बस, एवढंच. आईला तेव्हा माझं नाव येत नव्हतं, बाथरूमचं दार कुठलं ते कळत नव्हतं, आणि मी सांगतेय थोडं विसरते. मागे रांग होती, आणि खरं सांगितलं तर म्हणतील इथे हिच्यामागे धावायला माणूस नाही, दुसरीकडे न्या, अशी भीती. बेड मिळाला, आणि गाडीत बसून मी चक्क स्वतःला हुशार समजले.

आता आत काय झालं ते ऐका. आई शाळेत शिक्षिका होती, तिच्या डोक्यात ती अजून पस्तिशीची आहे, 'बाई' म्हटलं की लगेच बघते. आत सगळे "आजी, ओ आजी" करत होते, तिला वाटलं असणार दुसऱ्या कुणाला हाक मारतायत. केस पेपरवर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. जेवणाचा डबा पायाशी ठेवायचे, तो उघडायचा असतो हे तिला कळत नाही, तर 'रिफ्यूज्ड लंच'. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिला लघवीला लागली की ती हातात येईल त्या कापडाच्या निऱ्या घालायला लागते. चादर, पदर, काहीही. घरी आम्हाला माहीत आहे, निऱ्या दिसल्या की उठवायचं. तिथे त्यांना दिसलं की पेशंट चादर ओढतोय, सलाइनची नळी ओढतोय. दोन्ही हात गॉजनं कॉटला बांधले. माणूस सांगतोय मला बाथरूमला न्या, आणि आपण त्याचे हात बांधून डायपर लावतोय. फोनवर मला रोज एकच, "पेशंट स्टेबल आहे."

सहाव्या रात्री एका वॉर्डमधल्या मावशींनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला, ताई, तुमच्या आईंना ऐकू येत नाही का हो? तेव्हा कुठे मी खरं बोलले. बाई म्हणा, घास हातात द्या, निऱ्या दिसल्या की न्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अर्धी वाटी वरणभात खाल्ला. म्हणजे पाच दिवस फक्त माझ्या तोंडामुळे गेले. अकराव्या दिवशी घरी आली ती मनगटावर काळे वळ घेऊन, आणि चालणं बंद झालं ते आजपर्यंत.

त्यामुळे लपवू नका. बेड जाईल का, तर हो, एखादवेळी जाईलही, खोटं कशाला सांगू, पण माझ्या मते जे हॉस्पिटल डिमेन्शिया ऐकून नाही म्हणतं तिथे तुमचे बाबा एकटे आत जाणं जास्त धोक्याचं. आत्ता, एप्रिल २०२१ मध्ये, हे बोलणं सोपं नाही हे मलाही कळतं.

वॉर्डातल्या लोकांवर माझा राग नाही, पीपीई किटमध्ये सहा-आठ तास घामानं निथळत तीस-तीस पेशंट बघत होते. राग आहे तो ऑफिसवर. एक जण आत थांबू द्या, जोखीम आमची, लेखी देते, म्हणून तीन दिवस फोन केले, या टेबलावरून त्या टेबलावर, शेवटी "वरून ऑर्डर नाही". वरून ऑर्डर होती हो! १९ जून २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं की कोविड हॉस्पिटलनं पेशंटच्या एका इच्छुक नातेवाइकाला आवारात, ठरवून दिलेल्या जागेत थांबू द्यावं. वॉर्डात नाही, आवारात, पण तेही आम्हाला मिळालं नाही कारण मला तेव्हा माहीतच नव्हतं. त्याच महिन्यात जळगावला सरकारी हॉस्पिटलमधून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या आजी आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात मृत सापडल्या होत्या, आठवत असेल. तुम्ही तारखेसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीला कुणी विचारत नाही.

आता सही. कोऱ्या चेकसारखी देऊ नका. त्याच कागदावर खाली हातानं लिहा: आधी बाथरूम, पाणी, दुखणं बघावं, बांधायच्या आधी फोन करावा, का बांधलं, किती वाजता आणि कधी सोडलं याची नोंद ठेवावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून कुणाला बांधता येत नाही. तो कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी, कोविड वॉर्डाला जसाच्या तसा लागू आहे असं मी म्हणत नाही, पण बोलताना आधार म्हणून वापरा. आणि उगाच साधूपणाही नको, ऑक्सिजन ८५ आणि मास्क काढून फेकतोय, तर थोडा वेळ मीही बांधेन, जवळ माणूस ठेवून. रात्रभर, सोयीसाठी, ते नाही. मास्कऐवजी नाकातली नळी चालेल का, बांधण्याऐवजी हातात जाड मोजे चालतील का, हे विचारा, डॉक्टर ठरवतील.

शांत करायच्या इंजेक्शनचंही विचारा. बाबांचा डिमेन्शिया 'लेवी बॉडी' नावाच्या प्रकारचा असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची औषधं त्यांना फार वाईट बाधू शकतात. नेहमीच्या गोळ्यांची स्ट्रिप सोबत द्या, नुसती नावं नको.

कानाचं मशीन आणि चष्मा "हरवेल" म्हणून परत पाठवतात, घेऊ नका परत, हरवलं तर हरवलं. चष्म्याच्या दांडीवर मार्करनं नाव. व्हिडिओ कॉलवर फार आशा ठेवू नका, आईला मी टीव्हीवरची बाई वाटले, तिनं मान फिरवली. त्यापेक्षा बाबांचं रोजचं सकाळचं काहीतरी, रेडिओ, आरती, नातीचं बडबडणं, रेकॉर्ड करून साध्या फोनमध्ये द्या.

आणि एका पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत, कारण मावशींनी वाचलं पाहिजे: कुठल्या हाकेला ओ देतात, लघवीला लागली की काय करतात, दुखलं की काय करतात, घास कसा द्यायचा, कशाला घाबरतात. पाचच ओळी. प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॉटला चिकटवायला सांगा, एक प्रत बाबांच्या खिशात. ॲम्ब्युलन्स यायच्या आधी आत्ताच लिहा, नंतर सुचत नाही. इथे टाकलंत तर बघून काय राहिलं ते सांगते, दोन वाजता मी जागीच असते, आईची कूस बदलायची असते.