रिठ्याचा हँडवॉश आणि बशीतलं वलय

प्रश्न : रिठा, कडुलिंब, तुळशीचा हँडवॉश घरी केला. दाट व्हावा म्हणून मीठ घातलं तरी पाण्यासारखाच राहिला आणि आठवड्यात बुरशी धरली. – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मिठाने दाट होतो तो एसएलईएसचा (बाजारी हँडवॉशमधल्या रासायनिक फेसद्रव्याचा) तयार बेस, रिठ्याला ती युक्ती चालत नाही. ५० ग्रॅम रिठ्याची साल ५०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी २० ग्रॅम सुका कडुलिंबाचा पाला आणि १० ग्रॅम तुळस घालून मंद आचेवर २० मिनिटं उकळा, फडक्यातून दोनदा गाळा, आटलेलं पाणी भरून काढा. ५ ग्रॅम झँथन गम (दाटपणा आणणारी पूड) २५ मिली ग्लिसरीनमध्ये कालवूनच घाला, नाहीतर गुठळ्या मोडता मोडत नाहीत.

पाल्याचा काढा म्हणजे बुरशीला आयतं जेवण. २.५ ग्रॅम सोडियम बेंझोएट (बुरशी रोखणारं परिरक्षक) आधी पूर्ण विरघळवा, मग सायट्रिक आम्ल चिमटीचिमटीने घालून पीएच ४.५ वर आणा. पीएच ५ च्या वर गेला की बेंझोएट जवळपास निकामी. वास बदलला तर ओतून द्या.

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पात आमच्या हर्बल हँडवॉशला अगार वेल पद्धतीत १४ मिमी वलय आलं. ‘कडुलिंब जंतुनाशक’ असा निष्कर्ष लिहू का? – विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : इतक्यात नको. अगार म्हणजे जंतू वाढवण्याचं जेलीसारखं माध्यम. त्यात पाडलेल्या भोकात, म्हणजे विहिरीत, द्राव भरतात आणि भोवती जंतू न वाढलेली जागा म्हणजे वलय. ते वलय बेंझोएटचं किंवा फेसद्रव्याचंही असू शकतं. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर अल्कोहोलचंही. म्हणून त्याच बशीत आणखी तीन विहिरी हव्यात : निर्जंतुक पाणी, बाजारातला हँडवॉश आणि पाला वगळून बाकी सगळं घातलेला तुमचाच बेस. अर्क अल्कोहोलचा असेल तर तेवढंच अल्कोहोल बेसमध्येही घाला. बेसलाही १४ मिमी आले, तर कडुलिंबाच्या नावावर काहीच जमा होत नाही. म्युलर-हिंटन अगार (अशा चाचण्यांसाठीचं ठरावीक माध्यम), ०.५ मॅकफारलंड गढूळपणा (म्हणजे द्रावात जंतूंचं ठरावीक प्रमाण), ३७ अंशांवर १८ ते २४ तास हे सर्व बशांना सारखंच ठेवा. विहिरी काठोकाठ भरू नका, द्राव पृष्ठभागावर पसरून खोटं वलय दिसतं. किमान तीन बशा करून सरासरी द्या.

उलटही घडतं. दाट द्राव आणि तेलकट घटक अगारमध्ये नीट झिरपत नाहीत, त्यामुळे वलय लहान येतं. शिवाय हात धुताना बरेचसे जंतू मरत नाहीत, फेसाबरोबर वाहून जातात आणि ते या चाचणीत दिसतच नाही. त्यासाठी न्यूट्रियंट अगारवर (जंतू वाढवण्याच्या साध्या माध्यमावर) धुण्याआधी आणि नंतर बोटांचे ठसे घ्या. घासण्याचा वेळ दर वेळी ३० सेकंद, पाणीही दर वेळी सारखंच. नुसत्या पाण्याने धुतलेल्या हातांचे ठसेही हवेतच. हात हवेत वाळवा. टॉवेलवरचे जंतू सगळं बिघडवतात.

वापरलेल्या बशा १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय) कचऱ्यात टाकू नका.